राहायला उत्तम, म्हणे!

अमेरिकेत राहायला सगळ्यांत उत्तम शहरं कोणती, याची यादी तिथल्या एका गुळगुळीत मासिकात दर वर्षी यायची. ती आली की आमच्या ऑफिसातला फोन खणखणायला लागायचा. "शैलाकाकू, आमचं गाव यंदा चक्क वर सरकलंय!" असं सांगणाऱ्याचा आवाज इतका खूश असायचा, की वाटावं, ते गाव यानेच खांदा लावून वर ढकललंय. शाळांना गुण, हवेला गुण, करांना गुण, गोल्फच्या मैदानांनाही गुण. मी सात-आठ वर्षं गावं दाखवण्याचाच धंदा केला, आणि त्या यादीइतकी निरुपयोगी वस्तू मला त्या काळात दुसरी दिसली नाही.

धंदा म्हणजे काय ते आधी सांगते. त्याला इंग्रजीत रिलोकेशन म्हणतात. मराठी शब्द मला अजून सुचलेला नाही. एखाद्या कंपनीला आपली माणसं एका गावातून दुसऱ्या गावात हलवायची असली, की ती आमच्यासारख्या छोट्या फर्मला काम द्यायची. आम्ही त्या कुटुंबाला दोन दिवस गाडीत घालून नवं गाव दाखवायचं. शाळा, घरं, डॉक्टर, बँक, किराणा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको म्हणाली "ठीक वाटतंय", की आमचं काम झालं. नवऱ्याच्या मताला फारशी किंमत नसायची. त्याने होकार दिलेलाच असायचा.

मी मूळची मिरजेची. नवऱ्याच्या नोकरीमुळे मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत येऊन पडले होते. २००१ नंतर कंपन्यांच्या ऑफिसांची जी पळापळ सुरू झाली, तिच्यात हलवली जाणारी निम्मी माणसं पुण्या-मुंबईची आणि हैदराबादची निघायला लागली. आमच्या फर्मची मालकीण पॅट. ती आयरिश वळणाची, मोठ्या आवाजाची बाई होती. या लोकांना घर बघताना स्वयंपाकघरातला पंखा वास बाहेर फेकतो की आतच फिरवतो, यात एवढा रस का, हे तिला कळेना. म्हणून तिने मला घेतलं.

पॅटचा एकच नियम होता. जे समजावून सांगावं लागेल, त्याच्यासमोरून गाडी न्यायचीच नाही. बंद पडलेली गिरणी, पत्रे मारलेली दुकानं, बेघर लोकांचं जेवणाचं ठिकाण, असं सगळं टाळून विमानतळ ते हॉटेल ते शाळा असा रस्ता आधी आखायचा. प्रत्येक गावात असा एक रस्ता सापडतो, हे मी शपथेवर सांगते. आणि त्या रस्त्यावरून पाहिली की ही सगळी मध्यम आकाराची शहरं एकमेकांच्या सख्ख्या बहिणी दिसतात. एक नदी, तिच्यावर दिवे लावलेला पूल, जुन्या गोदामात उघडलेलं महागडं रेस्टॉरंट, आणि गावाबाहेर एकाच साच्यातून काढलेली घरं. गावाची माहितीपत्रकं वाचावीत तर सगळीकडे तेच वाक्य: शहराच्या सोयी आणि खेड्याचा जिव्हाळा. माझा अनुभव असा, की बहुतेक ठिकाणी सोयी खेड्याच्या असतात आणि जिव्हाळा शहराचा.

त्यात तिथला एक कायदा फार कडक. अमुक वस्तीत कोण लोक राहतात, ती चांगली की वाईट, हे घर दाखवणाऱ्याने बोलायचंच नाही. हेतू चांगलाच आहे. पण आमची माणसं गाडीत बसल्या बसल्या पहिला प्रश्न तोच विचारायची: "काकू, इथे आपली माणसं किती?" मी मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाकडे बोट करून म्हणायची, "त्या दुकानात तूरडाळ चार प्रकारची मिळते." एवढ्यावर समजणारा समजायचा.

गिऱ्हाइकंही एकेक असायची. ठाण्याच्या एका गृहस्थांनी ओमाहा नाकारलं, कारण तिथे मराठी माणसं फार कमी. म्हणून मी त्यांना श्रूजबरी दाखवलं. ते त्यांनी नाकारलं, कारण तिथे मराठी माणसं फार जास्त. "दर शनिवारी कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये पावभाजी खायला जावं लागेल हो," ते म्हणाले. शेवटी ते कुठे गेले, मला ठाऊक नाही. जिथे शनिवार नसेल अशा ठिकाणी गेले असावेत.

पण मला सांगायचंय ते केदार आणि मृणालबद्दल. नावं बदलली आहेत. बाकी जे घडलं ते तसंच लिहिते आहे, मृणालला विचारून.

२००४ साली आमच्या शेजारच्या वूस्टर शहराजवळच्या एका विमा कंपनीने तिथलं कॉम्प्युटरचं काम बंद करायचं ठरवलं. माणसांना दोन पर्याय होते: नेब्रास्कातलं ओमाहा, नाहीतर डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को. दोन्ही नको असतील तर नोकरी संपली. आणि व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी संपली की सामान बांधून भारतात. केदार त्यांतलाच. पुण्याचा, तिशीच्या आतबाहेर, हुशार, घाईत असलेला. बायको मृणाल नागपूरची, बायोकेमिस्ट्रीत एम. एस्सी. तिच्या व्हिसावर तिला नोकरी करायला परवानगी नव्हती. श्रूजबरीत आमच्यापासून जवळच, मोठ्या रस्त्याकाठच्या अपार्टमेंटमध्ये ती दोघं राहायची. तिथून वूस्टरला एक बस जायची. वाट बघून विटल्यावर यायची, पण यायची. थंडीत, टोपीत कान झाकून त्या थांब्यावर उभी असलेली मृणाल मी कितीदा पाहिली होती. मला वाटायचं, हिला ड्रायव्हिंगची भीती वाटत असेल. आपल्या बऱ्याच मुलींना सुरुवातीला वाटते.

आधी आम्ही ओमाहा पाहिलं. केदारने मासिकाची यादी वाचून ठेवलेली होतीच. "काकू, घरं स्वस्त, स्कूल्स टॉप, ट्रॅफिक झीरो. पण हॅपनिंग नाहीये यार." मृणाल मागच्या सीटवरून बाहेर बघत होती. एका अपार्टमेंटसमोर मी गाडी थांबवली, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"काकू, इथून दुकानात चालत जाता येईल का?"

"पाच मिनिटांवर आहे," मी म्हटलं.

"गाडीने?"

"गाडीनेच."

"मी चालत विचारलं नं."

तोवर हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. केदार घाईघाईने म्हणाला, "अगं, आपल्याकडे कार आहे ना!" आणि विषय बदलला.

महिन्याभराने फ्रिस्को. फ्रिस्कोबद्दल मला आदराने लिहिता येत नाही, वाचकांनी माफ करावं. जिथवर नजर जाईल तिथवर सपाट जमीन, तिच्यावर क्रेन, आणि क्रेनखाली विटांची घरं. अशी, की नवरा संध्याकाळी चुकून शेजाऱ्याच्या घरात शिरून जेवून आला तरी दोन्हीकडे कुणाच्या लक्षात येऊ नये. झाडं नर्सरीतून आणून काठ्यांना बांधलेली. प्रत्येक वसाहतीला भिंत, आणि भिंतीवर नाव: अमुक क्रीक, तमुक लेक्स. ना ओढा दिसे, ना तळं. पण केदारचे डोळे लकाकले. त्याचे कॉलेजचे तिघं मित्र आधीच तिथे येऊन पोचले होते. रविवारी क्रिकेट. श्रूजबरीच्या भाड्याच्या दोन खोल्यांतून उठून एकदम चार बेडरूमचं घर.

आम्ही एका वसाहतीतलं नमुन्याचं घर पाहायला गेलो. असं घर विकायचं नसतं. ते नुसतं सजवून ठेवलेलं असतं. टेबलावर मेणाची सफरचंदं, भिंतीवर पुठ्ठ्याचा टीव्ही, कपाटात आतून पोकळ पुस्तकं. दाखवणारी मुलगी क्रिस्टल, दात इतके पांढरे की तेही घराबरोबर आलेले वाटावेत. ती केदारला ओट्याचा ग्रॅनाइट दाखवत होती. मृणाल वरच्या मजल्याच्या खिडकीत उभी होती.

"काकू, ते बघा. किराण्याचं दुकान आहे नं तिकडे?"

भिंतीपलीकडे खरंच एका मोठ्या दुकानाची पाटी दिसत होती. हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ.

"आपण जाऊन पाहू नं," ती म्हणाली. "चालत."

मी केदारला सांगितलं, आम्ही पाय मोकळे करून येतो. वसाहतीला फाटक एकच, तेही उलट्या बाजूला. तिथपर्यंत फुटपाथ होता, छान, गुळगुळीत. फाटकाबाहेर पाऊल टाकलं आणि तो संपला. पुढे सहा पदरी रस्ता आणि कडेला वाळक्या गवताची पट्टी. उन्हाळा होता. टेक्ससचं दुपारचं ऊन कसं असतं ते नागपूरकरांना सांगायला नको, पण नागपुरात रस्त्याला निदान एखादं कडुनिंबाचं झाड असतं. आम्ही गवतातून एकामागे एक चालत होतो. शेजारून गाड्या सुसाट जात होत्या. एकाने हॉर्न वाजवला. मग एक लाल पिकअप ट्रक थांबला. टोपी घातलेल्या म्हाताऱ्याने काच खाली केली.

"बायांनो, गाडी बंद पडली का?"

"नाही, आम्ही दुकानात चाललोय," मी म्हटलं.

त्याने एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा आकाशाकडे. माणूस भला होता. "बसा, मी सोडतो," म्हणाला. मृणालने त्याला आभार मानून नको म्हटलं. ट्रक गेल्यावर ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "इथे पायी दिसलेलं माणूस म्हणजे अपघातच आहे का, काकू?"

दुकानापर्यंत आम्ही पोचलोच नाही. सहा पदर ओलांडायला पांढरे पट्टे कुठे दिसेनात. घामाघूम होऊन परत फिरलो. नमुन्याच्या घरातल्या गार हवेत शिरलो, तेव्हा मृणालचा चेहरा मला विचित्र वाटला. ती सोफ्याकडे निघाली होती. मध्येच थांबली, मान एका बाजूला वळली, आणि काही कळायच्या आत ती पांढऱ्या गालिच्यावर कोसळली. हातपाय ताठ झाले आणि झटके द्यायला लागले.

मी ओरडले. काय करायचं ते मला सुचेना; तिच्या दातांत काहीतरी घालायला हवं, एवढंच कुठेतरी ऐकलेलं आठवलं आणि मी पर्समध्ये हात घातला.

"तोंडात काही घालू नका!" केदार धावत आला. त्याने कोपऱ्याचं टेबल पायाने दूर सारलं, उशी तिच्या डोक्याखाली सरकवली, तिला कुशीवर वळवलं, गळ्याशी घट्ट झालेली ओढणी सोडवली, आणि एक डोळा घड्याळावर ठेवून तिच्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिला. "होतंय, होतंय, मृणू, संपलंच," असं तो अगदी हळू बोलत होता. सकाळपासून घाईघाईने बोलणारा मुलगा हाच का, असं मला वाटलं. इतक्या हळुवारपणे कुणी कुणाला सांभाळताना मी क्वचितच पाहिलंय.

क्रिस्टलने ॲम्ब्युलन्सचं विचारलं. केदार म्हणाला, "नको. तिने सकाळपासून काही खाल्लं नाही. शुगर लो झाली."

हे त्याने इतक्या सहज सांगितलं, की हे वाक्य तो पहिल्यांदा बोलत नाहीये हे मला कळलं. झटके थांबले. मृणाल मलूल होऊन पडून राहिली. क्रिस्टलने पाणी आणलं, बिस्किटं आणली, आणि मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "त्यांना बाहेरून येतानाच बरं नव्हतं, हो ना? म्हणजे आमच्या घरात काही अडखळून पडल्या नाहीत?" हे विचारताना तिची नजर गालिच्यावर पडलेल्या डागाकडे होती. मी तिला म्हटलं, बाई, तुझं घर अगदी निर्दोष आहे. त्यात कुणी राहतच नाही.

संध्याकाळी हॉटेलच्या जेवणघरात आम्ही तिघं बसलो. केदारने सुरुवात केली, "काकू, दुपारचं जरा कंपनीत कुणाला..."

"मला फिट्स येतात, काकू," मृणाल म्हणाली. "एपिलेप्सी. कॉलेजपासून. गोळ्या चालू आहेत, तरी अधूनमधून येते. आणि एकदा आली की पुढे कितीतरी महिने गाडी चालवायची नाही, असा नियम आहे. ते महिने पुरे होत आले की परत येते."

"मृणाल, कशाला?" केदारचा आवाज चढला. "उद्या सगळ्या ग्रुपला कळेल. माझ्या घरी आईला अजून माहीत नाहीये, काकू. लोक काय बोलतात तुम्हाला माहितीये ना? मुलीला झटके येतात म्हणजे..."

"काकू कोणाला सांगणार नाहीत."

"प्रश्न तो नाहीये. प्रॅक्टिकली विचार कर ना. मी ऑफिसातून येताना सगळं आणीन. वीकएंडला तुला हवं तिथे नेईन. घर केवढं मोठं आहे!"

मृणालने हातातला चमचा खाली ठेवला. ती चिडली की नागपूरची व्हायची. "चार बेडरूम काहून पाहिजे रे? कोंडून ठेवायला एक पुरते."

केदार उठून गेला. रागाने नाही, डोळे भरले होते म्हणून. ती मुलगी मग बराच वेळ माझ्याशी बोलत बसली. श्रूजबरीची ती रडतखडत येणारी बस हीच तिची एकमेव मोकळीक होती. वूस्टरच्या लायब्ररीत जायची, एक कॉफी प्यायची, परत यायची. "मी कुठे जाते ते कोणाला सांगावं लागत नाही, एवढंच," ती म्हणाली. "आणि हे लोक मला उत्तम शहरं दाखवतात."

'हे लोक' म्हणजे मीच होते, पण ते तिच्या लक्षात आलं नसावं.

मी त्या रात्री पडल्या पडल्या, आजवर दाखवलेली सगळी गावं मनात फिरून पाहिली. ओमाहा, फ्रिस्को, श्रूजबरी, आणखी कितीतरी. गाडी काढून घेतली तर यांतल्या कुठल्या गावात एक धडधाकट, शिकलेली बाई स्वतःच्या पायांनी कोथिंबीर आणू शकेल? मला बोटावर मोजण्याइतकीही सापडेनात. आणि ही म्हणे जगातल्या सगळ्यांत श्रीमंत देशातली राहायला उत्तम गावं! ज्यांना चाकं आहेत त्यांच्यासाठी बांधलेली. म्हातारे, आजारी, लहान मुलं यांनी कुणीतरी नेईल तेव्हा जायचं आणि आणेल तेव्हा यायचं. मासिकवाल्यांनी गोल्फची मैदानं मोजली, पण हे मोजावं असं त्यांच्या एकाही शहाण्याला वाटलं नाही.

मार्ग मृणालनेच काढला. तिची नागपूरची मैत्रीण स्नेहा पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात पीएच. डी. करत होती. चौघी मुली मिळून एका अपार्टमेंटमध्ये, चौघींत एकही गाडी नाही, आणि तरी सगळ्या जिवंत. मृणालला नोकरी करता येत नव्हती, पण शिकता येत होतं. "काकू, मला एकदा ते गाव पाहायचंय," ती म्हणाली. फर्मचं काम नव्हतं, तरी मी सुट्टी काढली आणि तिला घेऊन गेले.

स्टेट कॉलेजबद्दलही मला फार आदर नाही. डोंगरांच्या मध्ये एक विद्यापीठ आणि त्याच्या पायाशी रांगणारं गाव. तिथले लोक त्याला स्वतःच 'हॅपी व्हॅली' म्हणतात, यावरून काय ते समजा. दर दुसऱ्या दुकानात विद्यापीठाच्या नावाचे निळे-पांढरे स्वेटशर्ट. फुटबॉलची मॅच असली की अख्खं गाव बेभान. आपल्याकडचा किराणा म्हणाल तर एका दुकानात एक फडताळ. त्यावरचं मेतकूट कोणत्या राजवटीतलं होतं कोण जाणे. चौघींचं घर तर काय सांगू! जमिनीवर गाद्या, सिंकमध्ये भांड्यांचा डोंगर, आणि फ्रिजवर कुणी कोणाचं दही खाल्लं याचा जाहीर निषेध.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर मृणाल घरात नव्हती. मी घाबरून स्नेहाला हलवलं. "अगं, ही कुठाय?"

"असेल इथेच, काकू," ती उशीत तोंड खुपसून म्हणाली. "बसने गेली असेल."

मृणाल दुपारी आली. गाल लाल, हातात पालकाची जुडी. कॅम्पसभोवती फिरणाऱ्या बसमध्ये बसून तिने सगळं गाव पालथं घातलं होतं. लायब्ररी पाहिली, दोन प्रोफेसरांच्या दारावर टकटक केली, बाजार केला. "फुटपाथ कुठे संपतच नाही, काकू!" एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. ताजमहाल पाहून आलेलं माणूसही इतकं हरखलेलं मी पाहिलं नाही.

तिला प्रवेश मिळाला. केदारने फ्रिस्को निवडलं. नोकरी टिकवायची तर त्याला जावंच लागणार होतं, हे तिलाही मान्य होतं. २००५ च्या उन्हाळ्यात तो टेक्ससला गेला आणि ती पेनसिल्व्हेनियाला. मग आमच्या श्रूजबरीच्या मंडळींना जो ऊत आला! "वेगळे राहतात म्हणे." "तिलाच करिअर हवं होतं." "एवढं घर घेतलंय त्याने, आणि ही बाई मुलींच्यात गादी टाकून झोपते!" ज्यांना स्वतःच्या बायकोची जन्मतारीख आठवत नाही, ते दुसऱ्याच्या संसाराची गणितं सोडवत होते. मी कारण सांगितलं नाही. सांगायचं नाही असं ठरलं होतं.

पुढच्या वर्षभराची हकिगत मला केदारनेच सांगितली. एके दिवशी त्याला ऑफिसात फोन आला. मृणालला बसमध्ये फिट आली होती. तो मिळेल त्या विमानाने निघाला. मनात पक्कं केलेलं होतं: बास, आता हिला घेऊनच परतायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो अपार्टमेंटवर पोचला. दार स्नेहाने उघडलं.

"मृणाल कुठाय?"

"लॅबमध्ये."

"लॅबमध्ये? अगं, काल तिला..."

"हो ना. काल झोपली होती दिवसभर. आज ठीक आहे. चहा घेणार?"

स्नेहाने त्याला सगळं सांगितलं. मृणालने आल्या आल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. घरातल्या मुलींना, लॅबमधल्या मुलांना, प्रोफेसरांना. रोजच्या बसच्या ड्रायव्हर बाईलासुद्धा. फिट आली तेव्हा त्या बाईने बस कडेला घेतली, मागच्या सीटवरच्या दोन पोरांनी बॅगा उशाला दिल्या, तिला कुशीवर वळवलं. संपेपर्यंत सगळे शांत बसून राहिले. मग ड्रायव्हर बाईने तिला थेट घराच्या दाराशी आणून सोडलं आणि राहिलेली फेरी पुरी केली.

"म्हणजे बसमध्ये सगळ्यांना कळलं?" केदारने विचारलं.

"सगळ्यांना आधीपासूनच माहीत होतं," स्नेहा म्हणाली.

हे मला सांगताना केदार म्हणाला, "काकू, मी एवढी वर्षं एकटा लक्ष ठेवत होतो तिच्यावर. एकटा. रात्री झोपेतसुद्धा एक कान उघडा. आणि इथे तिने अख्खी बस कामाला लावली होती."

तिला घेऊन जायचं तो बोललाच नाही. दोन दिवस राहिला आणि एकटाच परत गेला. त्यानंतर त्याने आईला फोन करून मृणालच्या आजाराबद्दल सांगितलं. आई रडली, मग तिने कुठलासा वैद्य सुचवला, मग महिनाभर बोलली नाही, आणि मग रोज मृणालला फोन करायला लागली. केदारने ते घर विकलं आणि स्टेट कॉलेजला विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी धरली. हुद्दा खालचा, काम कंटाळवाणं. फ्रिस्कोच्या मित्रांनी त्याला निरोपाच्या पार्टीत कुदळ आणि टोपी भेट दिली: खेड्यात चाललास म्हणून.

२००८ मध्ये कंपन्या माणसं हलवायच्या थांबल्या. काढूनच टाकायला लागल्या. पॅटने फर्म बंद केली आणि माझाही धंदा संपला. जाता जाता पॅट म्हणाली, "शैला, तुला विचारते, आपण दाखवलेल्यापैकी राहायला खरंच चांगलं गाव कोणतं?" मी म्हटलं, एकही नाही. ती खो खो हसली. मी थट्टा करत नव्हते.

त्याच वर्षी उन्हाळ्यात केदारकडे चार दिवस राहून आले. रस्त्याला लागून दोन खोल्यांचं भाड्याचं घर, खाली पिझ्झाचं दुकान, जिन्यात चीजचा वास. मी गेले तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले असतील. केदार एकटाच घरात कांदा चिरत होता. थोडा सुटलेला, केस विरळ झालेले.

"मग? कसं आहे गाव?" मी विचारलं. जुनी सवय.

"भिकार," तो म्हणाला. "हिवाळा संपत नाही. धड एक सिनेमा लागत नाही. क्रिकेटला अकरा माणसं जमत नाहीत. कढीपत्त्यासाठी कोणीतरी न्यू जर्सीला जाण्याची वाट बघायची. शनिवारी मॅच असली की दाराशी दारू पिऊन पडलेली पोरं. अगदी भिकार गाव आहे, काकू."

"आणि मृणाल कुठाय?"

त्याने घड्याळाकडे पाहिलं नाही. फोन उचलला नाही. कढईत तेल ओतलं, गॅस बारीक केला.

"काय माहीत," तो म्हणाला. "गेलीय कुठेतरी."